दिवा पोहोचेल तेवढीच गती

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषणाला कोणता विषय घेणार, असे कार्यवाहबाईंनी विचारले, तेव्हा मी “रात्री मोटारसायकल चालवणे” असे उत्तर दिले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अहो, आपल्यातल्या निम्म्या जणींनी आता जिना चढणेदेखील सोडले आहे!” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु या सभागृहात अशी एक तरी बाई आहे का, की जिच्या घरची मुलगी, सून, नात किंवा भाची रात्री दहा-अकरा वाजता दुचाकीवरून घरी येत नाही? आणि ती येईपर्यंत जिचे लक्ष दाराकडे नसते? गाडी ती चालवते. पण तिच्याबरोबर आपणही घरात बसून तो रस्ता कापत असतो. म्हणून हा विषय आपला आहे, असे मला वाटते.

माझा अधिकार म्हणाल तर इतकाच, की मी पस्तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली आणि त्यातली पुष्कळशी रात्रपाळीत केली. जाण्यायेण्याचे साधन माझे मीच चालवीत असे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते काही रस्त्यावर पाहिलेले आहे आणि काही रुग्णालयाच्या अपघात विभागात.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे तुम्हांला सांगायला नको. पूर्वी रात्री बिनदिव्याची सायकल चालवली, की कोपऱ्यावर पोलीस हटकत असे. मुले गंमत म्हणून अंधाऱ्या गल्लीतून निसटत, आणि पकडली गेली की हवा सोडून घेऊन हात हलवीत परत येत. त्या काळी तो नियम आपल्याला जाचक वाटे. परंतु रात्रीच्या वाहनाचे अर्धे शास्त्र त्यात आले होते. दिवा हा केवळ आपल्याला दिसावे म्हणून नसतो. आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही असतो.

पुढे याच पुण्यातून इंजिनाच्या दुचाकी निघू लागल्या. आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली आणि १९८४ साली कायनेटिक होंडा आली. लूनाला गिअर नव्हते आणि पाय मारून ती सायकलीसारखीही चालत असे. कायनेटिक होंडाला तर किकसुद्धा मारावी लागत नसे. बटण दाबले की गाडी सुरू. शिक्षिका, बँकेतल्या बायका, परिचारिका या सगळ्यांचे पाय या गाड्यांनी मोकळे केले. स्त्रियांच्या प्रगतीचा इतिहास लिहिताना आपण शाळा लिहितो, सभा लिहितो, कायदे लिहितो. त्यात एक ओळ या छोट्या गाड्यांसाठी असावी, असे माझे मत आहे.

आता रात्रीविषयी. बाईने रात्री घराबाहेर काम करावे, ही कल्पना आजची नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांच्या त्या संस्थेने ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली. रोगी काही दिवस मावळला म्हणून बरा होत नाही. तेव्हा परिचारिका म्हटली की रात्र आलीच. इतर नोकऱ्यांत मात्र रात्र बाईला बंद होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात बाईला कामावर ठेवू नये असा नियम होता. दुकाने आणि कचेऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली नवा कायदा केला. त्यात, बाईची संमती असेल आणि तिच्या संरक्षणाची, जाण्यायेण्याची नीट व्यवस्था असेल, तर रात्री साडेनऊनंतरही तिला काम करता येईल, असे ठरले. कायद्याने दार उघडले. पण दारापासून घरापर्यंतचा रस्ता कायद्याला एकट्याने उजळता येत नाही.

माझी पहिली गाडी लूना. ती मी १९८१ साली घेतली. सहकारनगरातून नदीपलीकडच्या रुग्णालयात जायचे असे. पहाटेच्या पाळीला रुग्णालयाची गाडी मिळे, रात्रीच्या पाळीला मिळत नसे. कारण विचारले तर “तशी पद्धत नाही” एवढेच उत्तर. लूना मोठी गुणी गाडी. परंतु रात्री तिची एक खोड असे. तिचा दिवा इंजिनाच्या फिरण्यावर उजळत असे. खड्डा आहे म्हणून वेग कमी करावा, तर दिवा मंदावे आणि तोच खड्डा दिसेनासा होई! तेव्हा खड्डे पाठ करणे हाच एक उपाय होता, आणि मी ते पाठ केले होते.

पुढे १९९० च्या सुमारास यजमानांची बदली नाशिकला झाली आणि त्यांची शंभर सी.सी.ची मोटारसायकल दारात उभी राहिली. मोठी चाके खड्ड्यात फारशी अडकत नाहीत आणि तिचा दिवा लूनाच्या दिव्याहून पुष्कळ चांगला होता. म्हणून मी रविवारी सकाळी तळजाईच्या रस्त्यावर क्लच आणि गिअर शिकले आणि साडी सोडून पंजाबी पोशाख केला. आळीत दोन दिवस चर्चा झाली. माझ्या सासूबाई नऊवारी नेसणाऱ्या, सोवळे पाळणाऱ्या. त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या ओटीवर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “दिवा लावून दाखव.” मी लावला. “हा बरा आहे,” म्हणाल्या आणि आत गेल्या. आमच्या घरात त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही.

रात्री गाडी चालवण्यात भीती आहे, तसा आनंदही आहे. तो लपवून ठेवणे बरे नव्हे. दिवसा ज्या लक्ष्मी रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, तो मध्यरात्री नदीच्या वाळवंटासारखा मोकळा असतो. बेकऱ्यांच्या भट्ट्यांचा वास येतो. पहाटे गुलटेकडीच्या बाजाराकडे भाजीचे ट्रक निघालेले असतात. बारा तासांचे दुःख पाहून बाहेर पडलेल्या परिचारिकेला वीस मिनिटे कुणी काही मागत नाही, कुणी हाक मारत नाही. फक्त पुढे पडलेला दिव्याचा पट्टा आणि आपण. त्या वीस मिनिटांनी माझा संसार आणि माझी नोकरी या दोहोंना सांभाळले.

आता एक गोष्ट सांगते, ती सुखाची नाही. डिसेंबर महिना होता, उसाच्या गळिताचा हंगाम. रात्री एकच्या सुमारास एका मुलाला आमच्याकडे आणले. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. सोलापूर रस्त्यावर उसाची ट्रॉली चाक निखळून उभी होती. मागे दिवा नाही, लाल काच नाही. चालकाने रिवाजाप्रमाणे एक दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली. मुलाची मोटारसायकल सरळ ट्रॉलीवर गेली. हेल्मेट त्याच्या कोपरात अडकवलेले होते. पहाटे चारला तो गेला. त्याची आई तेवढ्यात येऊन पोहोचली होती. ती रडली नाही. माझा हात धरून एकच विचारीत होती, “बाई, त्याचा दिवा चालू होता ना? पंधरा दिवसांपूर्वीच नवा बसवला होता.” दिवा चालू होता. पोलिसांनीही तसेच सांगितले.

त्या बाईंचा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षे सोडीना. दिवा चालू असताना एवढी मोठी ट्रॉली दिसत नाही, असे कसे होते? मग मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो हिशेब तुमच्यापुढे ठेवते. आपण सगळ्या घरखर्चाचा हिशेब करणाऱ्या बायका आहोत, त्याहून तो अवघड नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्याला दिसून, मनाला उमजून, हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद तरी जातो; रात्री त्याहून अधिकच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला आणखी जवळजवळ तेवढेच अंतर लागते. एकूण झाले ५० मीटर. आणि साध्या मोटारसायकलीच्या खालच्या झोतात काळसर, न चमकणारी वस्तू नीट ओळखू येते ती साधारण ३० ते ४० मीटरवर. आता वजाबाकी करा. वस्तू दिसते तेव्हा थांबण्याची वेळ आधीच निघून गेलेली असते. दिवा चालू असतो, पण तो कामाचा नसतो.

हाच हिशेब ताशी ४० च्या वेगाने करा. दीड सेकंदात १७ मीटर आणि ब्रेकचे दहा मीटर, एकूण २७. म्हणजे दिव्याच्या आत गाडी थांबते. वीस किलोमीटरच्या फरकात एक जीव आहे. म्हणून मी घरातल्या प्रत्येक मुलाला एकच नियम शिकवला: दिवा पोहोचेल तेवढीच गती. उजेड पडलेल्या जमिनीवर जिला थांबता येते, ती गाडी आपल्या ताब्यात आहे. जी त्याच्या पलीकडे धावते, ती दैवाच्या ताब्यात आहे.

येथे कुणी म्हणेल, मग लांबचा झोत, म्हणजे ज्याला आपण अप्पर म्हणतो, तो लावावा. मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर अवश्य लावावा. पण समोरून गाडी येत असेल, तर आपला अप्पर तिच्या चालकाला आंधळा करतो. आणि आंधळा झालेला माणूस आपल्याच दिशेने येत असतो, हे विसरू नये. आपला डोळा अंधाराला हळूहळू सरावतो. पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तो सराव एका झोताने क्षणात मोडतो, आणि पुढचे काही सेकंद काळे जातात. वय वाढेल तसे हे सेकंदही वाढतात. साठीच्या डोळ्यात विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोहोचतो. तेव्हा समोरून झोत आला, तर त्याच्याकडे पाहत राहू नये; नजर रस्त्याच्या डाव्या कडेकडे न्यावी, वेग कमी करावा आणि झोत जाऊ द्यावा.

पिवळ्या काचांचा चष्मा रात्री उपयोगी पडतो, असे विकणारे सांगतात. कोणतीही रंगीत काच डोळ्यात जाणारा उजेड कमीच करते. रात्रीच्या वेळी तो वाढवायचा की घटवायचा, हे आपणच ठरवावे. हेल्मेटच्या पुढच्या काचेवर चरे पडले असतील, तर प्रत्येक चरा समोरच्या दिव्याला पसरवून त्याचे दहा दिवे करतो. नवी काच घ्यावी. ती एका सिनेमाच्या तिकिटाएवढ्या खर्चात मिळते.

हेल्मेटचा विषय पुण्यात काढणे म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला काडी लावणे! १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी त्याची सक्ती केली, तेव्हा विरोधाच्या सभा झाल्या, मोर्चे निघाले. आमच्या मुली ऊन आणि धूळ चुकवण्यासाठी ओढणीने तोंड असे बांधतात, की आईलाही ओळख पटू नये. पण त्यावर हेल्मेट म्हटले की केस बिघडतात. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात चालवणारी आणि मागे बसणारी असा भेद नाही. दोघींच्या डोक्यावर ते हवे. कायदा राहू द्या. मी ज्यांची डोकी धुतली, टाके घालताना ज्यांचे हात धरले, त्यांची संख्या मला आठवत नाही. पण त्यांत हनुवटीखाली पट्टा नीट बांधलेली डोकी फार थोडी होती, एवढे आठवते. पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्या आपटण्यालाच उडून जाते. ते टोपीसारखे ठेवायचे नसते, मंगळसूत्रासारखे बांधायचे असते.

आता दुसरी बाजू. आपल्याला दिसले, तरी आपण दिसायला हवे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्यामुळे पुढचा दिवा लावायला विसरण्याची सोय राहिली नाही. पण मागचा लाल दिवा जळून गेला, तर तो चालवणारीला दिसत नाही, आणि रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तीच एक खूण असते. निघताना गाडी भिंतीकडे किंवा बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभी करावी आणि शटरवर लाल उजेड पडतो का, ब्रेक दाबल्यावर तो वाढतो का, ते पाहावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

चमकपट्टी नावाची एक वस्तू दुकानात मिळते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा पैलू असतात, आणि ज्या दिशेने उजेड आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. म्हणून पांढरा कपडा जेथे अंधूक दिसतो, तेथे ही पट्टी शंभर मीटरच्याही पलीकडून चकाकते. पिशवीवर, हेल्मेटच्या मागे, गाडीच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टी लावली, तर आपण ट्रकवाल्याच्या हिशेबात येतो. आणि त्या ट्रॉलीच्या मागे अशी एक पट्टी असती, तर तो मुलगा आज चाळिशीचा असता.

पावसाळ्याच्या रात्री आणखी जपावे लागते. ओला रस्ता आरसा होतो. दिवे वर दिसतात तसे खालीही दिसतात आणि पांढऱ्या रेषा पुसल्या जातात. पाण्याने भरलेला खड्डा आणि साधे डबके सारखेच दिसतात. तेव्हा डबक्यातून गाडी घालू नये आणि पुढच्या गाडीचे चाक कसे उडते त्यावर लक्ष ठेवावे. आपल्या शहरातले गतिरोधक तर एक स्वतंत्र शास्त्र आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा, त्यावर पट्टे रंगवलेले असावेत आणि अलीकडे पाटी असावी. आपल्या गल्लीतला गतिरोधक एकदा टेपने मोजून पाहा. रात्री उशिरा सिग्नल पिवळे लुकलुकू लागतात. त्याचा अर्थ ‘मोकळे आहे, जा’ असा नसून ‘थांबल्यासारखे होऊन पाहा, मग जा’ असा आहे. पण चारी बाजूंनी येणारे तो पहिलाच अर्थ घेतात.

आता ज्या भीतीविषयी आपण मोठ्याने बोलत नाही, त्या भीतीकडे वळते. खड्ड्याची नव्हे, माणसाची. मागे कुणी गाडी लावून येत आहे असे वाटले, तर काय करावे? घरी येऊ नये! आपले घर त्याला दाखवू नये. उजेडाच्या आणि माणसांच्या ठिकाणी जावे. पेट्रोल पंप, पोलीस चौकी, रुग्णालयाचे फाटक, चालू असलेली चहाची टपरी. तेथे गाडी उभी करून ११२ क्रमांक फिरवावा. माझ्या नोकरीच्या काळात असे दोनदा झाले. दोन्ही वेळा मी सरळ रुग्णालयाच्या फाटकात गाडी घातली, आणि मागचा माणूस वळून गेला. ज्या जागी उजेड असतो त्या जागेशी त्याचे वाकडे असते.

हे सारे मला माहीत असूनही, तीन वर्षांमागे आमच्या घरात तोच प्रश्न आला. सुनेची नोकरी हिंजवडीला. पाळी संपायची रात्री साडेअकराला, आणि घर कोथरूडला. कंपनीची गाडी एक-दोन जणांना सोडत सोडत दीड वाजवी, म्हणून ती आपल्या मोटारसायकलने येऊ लागली. मुलगा कामानिमित्त परगावी. नातेवाइकांत बोलणे सुरू झाले, तिच्या माहेरूनही फोन आले. शेवटी तिच्या आईने मला सांगितले, “तुम्ही सासू आहात, तुम्ही म्हणालात तर ती नोकरी सोडील.” खरोखरच सोडली असती. माझ्या एका शब्दावर तिची आठ वर्षांची नोकरी होती, आणि तो शब्द माझ्याकडून सगळ्यांना हवा होता.

मी सुनेला म्हटले, “तीन रात्री मला तुझ्या मागे बसून यायचे आहे. मग बोलू.” मी सहासष्ट वर्षांची. संध्याकाळी रिक्षाने हिंजवडीला जायचे, तिच्या कचेरीच्या स्वागतकक्षात वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि साडेअकराला तिच्या मागे बसून यायचे. पहारेकऱ्याला वाटले, म्हातारीचे डोके फिरले आहे. मी मात्र मागे बसून रस्ता वाचीत होते.

तीन रात्रींत मला काय दिसले, ते सांगते. मुलीचा हात पक्का होता. वेग चाळिशीच्या आत होता. मोठ्या ट्रकांचा बायपास सोडून ती सेवारस्त्याने येत होती, हे शहाणपणाचे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला आणि पुढच्या वर्षी नवे पूल झाले. तेथे वाट कोठे फुटते हे तिला पाठ होते. तेव्हा उणे कोठे होते? एक, मी मागे बसले की गाडीची मागची बाजू दबे आणि दिवा वर उचलला जाई. समोरच्याच्या डोळ्यात उजेड आणि आमच्या चाकापुढे अंधार. दोन, मागचा लाल दिवा मळाने निम्मा झाकलेला. आणि तीन, सेवारस्त्याच्या एका वळणावर चार खांब ओळीने बंद. तेथे कडेला वाळूचा ढीग पडलेला.

पहिल्या दोन गोष्टी गॅरेजवाल्याने पंधरा मिनिटांत केल्या. आम्ही दोघी गाडीवर बसलो, गाडी भिंतीसमोर उभी केली, आणि खालच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली येईपर्यंत त्याने स्क्रू फिरवला. तिसरीसाठी मी खांबांवरचे क्रमांक वहीत उतरवले आणि महानगरपालिकेला लेखी अर्ज केला. क्रमांकाशिवाय “आमच्या भागात अंधार आहे” असे लिहिले की तो अर्ज फिरत राहतो. क्रमांक लिहिला की कुणाला तरी त्या खांबापाशी जावेच लागते. अर्ज दोनदा केला, तिसऱ्यांदा स्वतः गेले. दिवे लागले.

मग मी सुनेच्या आईला फोन केला. म्हटले, “विहीणबाई, मी तीन रात्री त्या रस्त्याने आले. नोकरी सोडण्यासारखे त्यात काही नाही. दिवे लावण्यासारखे चार खांब होते, ते लावून घेतले.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी मलाही न्या.” सून आज त्याच कचेरीत तिच्या विभागाची प्रमुख आहे.

भगिनींनो, तात्पर्य असे की रात्रीची भीती खोटी नाही. पण आपण तिचा सगळा भार मुलीवर टाकतो. ती घरी बसली की भीती संपली, असे मानतो. खांबावरचा दिवा बंदच राहतो, गतिरोधक बिनरंगाचाच राहतो, ट्रॉली बिनपट्टीची उभीच राहते. तिच्या जागी दुसऱ्याची मुलगी, दुसऱ्याचा मुलगा त्या वळणावर येतो. मुलीला घरात ठेवून अंधार कमी होत नाही.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते, आणि त्या इतिवृत्तात नोंदवाव्यात अशी विनंती करते. पहिली, प्रत्येक सभासदाने महिन्यातून एकदा जेवणानंतर आपल्या गल्लीत फेरी मारावी आणि बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक व बिनरंगाचे गतिरोधक लिहून आणावेत. मंडळाच्या नावाने एकत्र अर्ज जावा. दुसरी, मंडळाने चमकपट्टीचे एक मोठे रीळ आणावे. आपले दूधवाले, वर्तमानपत्र टाकणारी मुले, भाजीची हातगाडी आणि आपल्या घरच्या गाड्या यांना ती लावावी. तिळगुळाबरोबर हातभर चमकपट्टी द्यायला काय हरकत आहे? तिसरी, एखाद्या रविवारी सकाळी जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावून मुलींना बल्ब बदलणे, झोत नीट करणे आणि ब्रेक तपासणे शिकवावे. सासवांनीही यावे, निदान मागे बसायला तरी.

आणि एक लहानशी गोष्ट घरात करता येईल. मुलगी रात्री दारात आली, की आपला पहिला प्रश्न असतो, “इतका उशीर का?” त्याऐवजी एकदा विचारून पाहा, “मागचा दिवा नीट लागतो ना?” ती आधी चकित होईल. मग बसून सांगेल, रस्ता कसा होता, कोठे अंधार होता, कोण कसे आडवे आले. आपल्याला ते कळले, तर काही करता येईल.